कोट घेऊन निघालेली बाई

ग्रंथालयात लेखक येणार म्हणून शिंपीणबाईंनी मशीन दुपारीच झाकलं. त्यांच्या वन्संची, म्हणजे थोरल्या नणंदेची, नजर दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून शिंपीणबाई रोज जेवणं उरकली की वन्संना वाचून दाखवत. या लेखकाची कादंबरी तर दोघींनी तीनदा वाचली होती. तिच्यातली नावाडीण नवऱ्याचा जाच सोसून सोसून शेवटच्या पानावर पहाटे खुंटीवरचा कोट घेते नि घराबाहेर पडते. तिथेच कादंबरी संपते. पुढचं दोघींनी आपसांत ठरवलं होतं. ती पलीकडच्या काठाला लागली, तिने एका खानावळीत काम धरलं. तिचं मालकाशी पटेल का, या काळजीने वन्संची हल्ली झोप उडाली होती.

सभेत कुणीतरी विचारलंच, की तिचं पुढे काय झालं. लेखक हसले. तिने नदीत जीव दिला, नव्या आवृत्तीत तसं प्रकरणच घातलंय, म्हणाले. भाबडे वाचक उगाच तिचा संसार थाटून देतात, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. लोक हसले.

शिंपीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत कधी तोंड न उघडलेली बाई उठून उभी राहिली.

"जीव द्यायला निघालेली बाई थंडी वाजेल म्हणून कोट घेते होय?"

कोट असाच लिहिण्याच्या ओघात आला, असं लेखक म्हणाले.

"तुमच्या ओघात आला असेल. आम्हाला तो तिच्या अंगावर दिसला. त्याचा रंग तुम्ही लिहिला नाहीत, आम्ही बघितला. तुम्ही तिला दारापर्यंत आणून सोडलीत. तिथून पुढे ती आमच्या घरी जगली. आता येऊन तिला बुडवायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?"

लेखकांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा प्रश्न मागितला.

घरी येताना वन्संपासून हे लपवावं असं शिंपीणबाईंना वाटलं. पण वाचताना एक ओळ कधी गाळली नव्हती, मग हे कसं गाळणार? त्यांनी सगळं सांगितलं.

"त्यांनी तिला कधी पाहिलंच नाही गं," वन्सं म्हणाल्या.

शिंपीणबाईंचा राग मात्र निवेना. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या झग्याला दोन्ही बाह्या उलट्या लागल्या. त्या बाह्या उसवत शिंपीणबाई दिवसभर लेखकाचा उद्धार करत होत्या.