मानाचा बटा

मी काशाचा बटा बोलतोय. एका पायावर उभं राहणारं पसरट भांडं. माझ्यावर पान, चुना आणि ओल्या सुपारीच्या फोडी मांडतात. आमच्या आसामात या सुपारीला तामूल म्हणतात. दारात जावई येवो नाहीतर भांडायला आलेला शेजारी, आधी मी पुढे जाणार, मग बोलणं. त्यामुळे जरा तोरा आहे माझा, लपवत नाही.

सार्थेबारीच्या कासारांनी मला ठोकून ठोकून घडवलं. दमयंती हजारिका लग्न होऊन नलबारीत आली, ती मला पेटीत घालूनच. आता अख्खं गाव तिला आइता, म्हणजे आजी म्हणतं. नवरा गेला, मुलगी जुनमणी नोकरीसाठी गुवाहाटीत. उरलो आम्ही दोघं. दिवसातून पंधरा-वीस वेळा आइताचा हात माझ्याकडे यायचा. मला वाटायचं, हिला मीच जगवतोय!

माघात तिच्या डाव्या गालाला आतून फोड आला. काही केल्या बरा होईना. आइतानं काय करावं? तामूल उजव्या गालात धरायला लागली! मग जुनमणीनं तिला गुवाहाटीला नेऊन तपासण्या केल्या. तिथं मी नव्हतो. परत आल्यावर जुनमणी एवढंच म्हणाली, "मा, फोड कापून काढायचाय. छोटंसं काम आहे."

जायच्या दिवशी जुनमणी पिशवी भरत होती. तपासणीचे कागद, पेला, दोन जुन्या चादरी. आइतानं मला तामूल-पानासकट गामोशात, आमच्याकडच्या मानाच्या पंचात, गुंडाळून सगळ्यात खाली ठेवलं.

"मा, हा कशाला?"

"डॉक्टर माझ्या तोंडाला सुरी लावणार, आणि मी त्यांच्यापुढे तामूलही ठेवू नको? लोक काय म्हणतील, हजारिकांची सून रीत विसरली?"

जुनमणीनं चादरी माझ्यावर ठेवल्या आणि पिशवी बंद केली. मी मनात म्हटलं, जिंकलो!

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहालाच नर्स आली. तिनं आइताच्या बांगड्या उतरवल्या, हिरवा झगा घातला, केस टोपीत कोंबले आणि गालावर शाईनं खूण केली.

"बळीच्या बकऱ्यालाही असाच टिळा लावतात गं," आइता म्हणाली. नर्स हसली. "रात्रीपासून काही खाल्लं नाही ना, आइता?"

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

नर्स गेली. जुनमणी औषधं आणायला खाली गेली. आइताला धीर हवा होता. तिनं मला बाहेर काढलं, सुपारीची एक फोड पानात घालून तोंडात टाकली आणि डोळे मिटून चघळत राहिली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

थोड्या वेळानं भूल देणारी डॉक्टर आली, फुकन आडनावाची. आइतानं माझ्यावर ताजं तामूल-पान मांडलं आणि मला दोन्ही हातांनी पुढे केलं. "घे माय. माझा जीव आता तुझ्या हातात."

फुकनबाईंनी सवयीनं हात पुढे केला. तो तसाच राहिला. त्या आइताच्या ओठांकडे बघत होत्या.

"आइता, काही खाल्लंत?"

"छे!"

"मग तोंड लाल कशानं?"

"हे होय? तामूल गं. तामूल म्हणजे काय खाणं झालं?"

फुकनबाईंनी मला आइताच्या हातातून काढून खिडकीत ठेवलं. "अहो आइता! भुलीत उलटी झाली असती तर ती फुप्फुसात गेली असती. टेबलावरच जीव गेला असता तुमचा!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला तर एकच पाय!

तेवढ्यात जुनमणी आली. फुकनबाई तिच्यावर कडाडल्या, "यांना सांगितलं नाहीत तुम्ही? तामुलानं कॅन्सर झालाय, आणि या अजून तामूलच खातायत?"

हातातली औषधं टाकून जुनमणी रडायला लागली. "कसं सांगू, बाई? मा, तुला तामूल सोड म्हणणं म्हणजे दार बंद करून बस म्हणण्यासारखं. जीभच रेटली नाही गं."

"तामुलानं?" आइतानं विचारलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

मी? मी तिचा गाल खाल्ला? ज्या घरात मिरवलो, त्याच घराचा केसानं गळा कापला? माझं डोकं सुन्न झालं. अजूनही तसंच आहे.

त्या दिवशी ऑपरेशन झालं नाही. दुसऱ्या दिवशी झालं. गाल गेला, अर्धा जबडा गेला. आइता वाचली.

आता ती पेज पिते. तिचं बोलणं फक्त जुनमणीला कळतं. कुणी आलं की चहा होतो. मी फळीवर रिकामा असतो, हिरवट पडलोय. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्यालाही रिकामाच ठेवा, हात जोडून सांगतो.

आमच्याकडे माणूस चुकला की बट्यावर तामूल ठेवतो, गुडघे टेकतो आणि बटा पुढे करून माफी मागतो. समोरच्यानं तामूल उचललं की माफ केलं. मला आइताची माफी मागायचीय हो. पण तिच्यापुढे मी ठेवू काय?