पहिला दोर, दुसऱ्यांदा

बंदराचा शंभर वर्षांचा इतिहास मला सहा फलकांत बसवायचा होता. प्रत्येकी ऐंशी शब्द. हे काम माझ्याकडे आलं, कारण प्रसिद्धी विभागात मी एकटाच आहे. शिवाय बाबा जाऊन एकोणीस दिवस झाले होते आणि साहेबांच्या मते माझं मन कशात तरी गुंतायला हवं होतं. मन कुठे ठेवलंय ते मलाच आठवत नव्हतं. सापडलं असतं तर गुंतवलं असतं.

पहिले चार फलक झटपट झाले. आधी इथे चिखल होता. मग चिखलाला धक्का बांधला, धक्क्याला कोळशाची जहाजं लागली. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन समुद्रांमधल्या वाटेवर खोल पाणी काय ते इथेच आहे, आणि आपलं बंदर मोक्याचं ठरलं. मोक्याचं म्हणजे दुसऱ्यांनाही हवं असलेलं. तीन सरकारं आली, तिघांनीही दीपस्तंभाला आपापला रंग दिला. दिवा मात्र कुणी बदलला नाही, कारण वर जायला दोनशे बारा पायऱ्या आहेत.

पाचव्या फलकावर अडलो. एकतीस वर्षांपूर्वी पहिलं कंटेनरचं जहाज लागलं, तो दिवस. तिथून बंदराचं नशीब उघडलं: मोठ्या क्रेन आल्या, रेल्वेचा फाटा आला, पार्किंगची भांडणं आली. जहाज लागल्याची वेळ चार वाजून दहा मिनिटं. दरवर्षी त्या तारखेला बरोबर चार-दहाला बंदराचा भोंगा वाजतो.

बाबा दोर-टोळीत होते. जहाजावरून फेकलेला दोर झेलायचा आणि त्याचा फास धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यात अडकवायचा, हे काम. आमच्या बंदरात पहिला दोर खुंट्यात पडेपर्यंत जहाज आलं असं मानत नाहीत, मग ते डोळ्यांसमोर चार मजले उंच उभं का असेना. दरवर्षी भोंगा वाजला की बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणायचे, "उशीर झाला." आम्ही हसायचो. विनोद काय होता ते कधी कळलं नाही, पण सवयीचा होता.

त्या दिवसाचा एकच फोटो आहे. मध्ये समारंभाचे प्रमुख पाहुणे, मागे जहाज, खुंट्यात पडणारा दोर आणि डाव्या कडेला एक कोपर. हे कोपर बाबांचं. त्या फोटोचं वर्तमानपत्रातलं कात्रण आमच्या स्वयंपाकघरात फ्रेममध्ये आहे. आई ते रोज पुसते.

"हे कोपर काढून टाका," साहेब म्हणाले. "पाहुण्यांच्या कानात घुसतंय."

"साहेब, ते माझ्या वडिलांचं आहे."

साहेबांनी चष्मा काढला. समोरच्याने चष्मा काढला की आपल्याला आता धीर मिळणार, एवढं मी एकोणीस दिवसांत शिकलो होतो.

"समजू शकतो मी," ते म्हणाले. "पण कोपरच ना?"

संध्याकाळी आईला सांगितलं. ती भांडी विसळत होती. नळ बंद करून म्हणाली, "कापू देऊ नकोस. अख्खा जन्म काढला त्यांनी तिथे. सगळ्या बंदरात त्यांचं तेवढंच आहे."

बाबा गेल्यापासून तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच. मी "बरं" म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो, पण हे जरा जास्त मोठ्याने.

कोपर वाचवायचं तर पुरावा हवा. म्हणून बाबांच्या टोळीतल्या गाठ्याकडे गेलो. त्याला आयुष्यात एक गाठ धड मारता आली नाही, म्हणून गाठ्या. आता निवृत्त आहे, बिनदोरीचे बूट घालतो.

"काका, हे कोपर पहिला दोर टाकणाऱ्याचंच आहे, असं लिहून द्याल का?"

त्याने फोटो लांब धरून पाहिला, मग नाकाला लावून. मग शांतपणे बाही वर केली. कोपरावर अर्धगोल व्रण होता. फोटोतल्या कोपरावरही तोच होता.

"माझंय," तो म्हणाला.

मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी चहा संपवला.

"अरे, तुझा बाप कुठला फोटोत! जहाज भरतीबरोबर लवकर आलं. दोन वाजायच्या आत त्याने दोर टाकला, जहाज लागलं, विषय संपला. पाहुणे आले चारला. म्हणाले, जहाज आधीच आलंय, मग मी काय बघायचं? झालं! सोडलं जहाज."

"सोडलं म्हणजे?"

"दोर काढले, टगबोटीने ओढून शंभरेक हात मागे नेलं आणि पुन्हा आणलं. काय टाळ्या पडल्या! तुझ्या बापाला आधीच सांगितलं होतं, थांब, कदाचित परत टाकावा लागेल. तर म्हणतो कसा, 'आलेलं जहाज पुन्हा येत नसतं. माझी पाळी दोनला संपली आणि मला भूक लागलीय.' गेला तडक घरी. मग मला उभं केलं."

"आणि फास तुम्ही टाकलात?"

"चौथ्यांदा बसला. फोटोवाला तोवर खाली बसला होता."

दुसऱ्या दिवशी दप्तरखान्यात त्या वर्षाची नोंदवही काढली. बाबांचं बारीक, उभं अक्षर: "पहिला दोर, १३.५०." त्याखाली गाठ्याचं, ओळ सोडून पळालेलं: "पहिला दोर, दुसऱ्यांदा, १६.१०." इतका प्रामाणिक माणूस बंदराला पुन्हा मिळाला नाही.

मी त्या पानाचा फोटो आईला दाखवला आणि जे कळलं ते सांगितलं. तिने अक्षरावर बोट ठेवलं. मग फ्रेमकडे पाहिलं.

"म्हणजे एकतीस वर्षं मी त्या गाठ्याचं कोपर पुसतेय?"

"हो."

"त्यांनी सांगायचं नाही का!" ती फ्रेमजवळ गेली. "अडीचला घरी आले होते त्या दिवशी. आठवतंय मला. मी विचारलं, आलं का जहाज? म्हणाले, आलं, वाढ. जेवून बाहेर पडले, मला वाटलं, परत गेले असतील फोटोला." तिने फ्रेम भिंतीवरून काढून ओट्यावर पालथी ठेवली. "कोपर जाऊ दे. वेळ लिहिशील?"

पाचव्या फलकावर मी लिहिलं: "पहिला दोर दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी खुंट्यात पडला आणि बंदराचं नवं युग सुरू झालं." नवं युग मला नको होतं, पण ऐंशी शब्द भरायचे होते. साहेबांनी वाचलं असतं तर तिथेच संपलं असतं. साहेबांनी कोपर गेल्याची खात्री केली, पाहुण्यांचं पद तपासलं, खाली स्वतःचं नाव आहे हे दोनदा पाहिलं आणि सही केली. फलक कोरून झाले. यंदाच्या समारंभाचं परिपत्रक फलकावरून उतरवलं गेलं आणि भोंगेवाल्याकडे गेलं. भोंगेवाला परिपत्रकाप्रमाणे भोंगा वाजवतो.

भोंग्याच्या तारखेला मी आईला धक्क्यावर घेऊन गेलो. मांडव तयार होता, खुर्च्या रिकाम्या होत्या, पाहुणे चारला यायचे होते. आम्ही एका खुंट्याजवळ बसून डबा उघडला. आईच्या मनगटावर बाबांचं घड्याळ होतं, पट्टा सैल, सारखं कोपरापर्यंत घसरत होतं.

एक-पन्नासला भोंगा वाजला. खुर्च्या मांडणारे दचकले. दोन कबुतरं उडाली. माझा घास तोंडात तसाच राहिला. आईने घड्याळ खाली ओढून पाहिलं.

"वेळेवर," ती म्हणाली.

साहेब धावत आले. "हे काय? कुणी वाजवला?"

"परिपत्रकाप्रमाणे, साहेब. परिपत्रक फलकाप्रमाणे."

"आणि फलक कुणी मंजूर केला?"

"आपण."

साहेब फलकापर्यंत गेले, वाचून परत आले. कपाळ पुसलं. "मग बरोबरच असणार," ते म्हणाले, आणि दोन पावलं जाऊन वळले. "पण पाहुणे आले की परत वाजवा."

पाहुणे चारला आले. चार-दहाला भोंगा दुसऱ्यांदा वाजला, सगळे उठून उभे राहिले, टाळ्या झाल्या. आम्ही बसूनच होतो. मी सवयीने डावीकडे वळलो, कुणीतरी आता बोलेल म्हणून. तिथे खुंटा होता.

आई डब्याचं झाकण लावत होती. वर न बघता म्हणाली, "उशीर झाला."