धोंडबाच्या घरचा पाळणा

लेआउटच्या वस्तीतल्या कुसुमताईंच्या दारात सकाळी सातपासूनच चपलांचा ढीग पडला होता. त्यांच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत देवाने पाळणा बांधला होता, आणि देव काही रोज रोज बांधकाम काढत नाही. टाकीत दोन मासे होते. त्यातला लाल-निळ्या पट्ट्यांचा, बोटभर लांबीचा मासा वर येई, तोंड उघडी, आणि पाण्यावर पांढऱ्या बुडबुड्यांचा थर वाढत जाई. बाया हात जोडत, माणसं मोबाइल उंचावत.

मार्तंड महाराज कूलरच्या थेट झोतात बसून खुलासा करत होते. वैराग्यालाही मार्चमध्ये उकडतंच.

"हा मानसरोवराचा मत्स्य होय. ज्या घरी बाळ येणार, त्याच घरी हा पाळणा बांधते. दुसरीकडे नाही! हा फेस म्हणजे बाळाचं कवच. सूनबाईले रोज एक चमचा पाजा. मंग डॉक्टरचं विष काहून पायजे?"

सूनबाई म्हणजे भावना. सातवा महिना, पायांवर सूज, ब्लडप्रेशर चढलेलं. एक दिवसही गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चार दिवसांपासून त्या गोळ्या देव्हाऱ्यात महाराजांच्या फोटोपुढे होत्या. तिथे त्या कोणाचं प्रेशर उतरवत होत्या, कोण जाणे!

प्रेमिला मॅडम गर्दीतून वाट काढत टाकीपाशी आल्या. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता घरी हौसेने गुरामी मासे वाढवणाऱ्या. मासा त्यांनी एका नजरेत ओळखला. पण त्यांचं लक्ष कोपऱ्यात बसलेल्या भावनाच्या सुजलेल्या चेहऱ्यावर खिळलं, आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"काय होऊन राहिलं वं तुले?"

"डोकं लय दुखून राहिलं, मॅडम. डोळ्यापुढं अंधारी येते."

"ते कवच चढून राहिलं," महाराज म्हणाले.

"कुसुमताई, हिले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"नाही नेत!" कुसुमताई उसळल्या. "मागच्या साली डॉक्टरचंच ऐकलं न? गेलं न लेकरू पोटातच? आता हेबी घालवू का?"

टाकीत हवा सोडणारी मोटर बंद होती, ते मॅडमनी पाहिलं. त्या महाराजांकडे वळल्या. "महाराज, टाकीची मोटर काहून बंद?"

"पाणी हाललं का देवाचं ध्यान मोडते. वरती झाकण पायजे, तरंगती पानं पायजे."

मॅडमना हसू आवरेना. विणीच्या दिवसांत त्याही नेमके हेच नियम पाळत, फक्त त्याला ध्यान म्हणत नसत.

"अन् बाळ येणार नसन, त्या घरी हा पाळणा नाही बांधणार? नक्की?"

"माझा शब्द होय."

"मंग चला धोंडबाच्या घरी."

मॅडमची गच्ची मार्चमध्ये तापायची, म्हणून विणीचा टब त्या शेजारच्या धोंडबाच्या थंड खोलीत ठेवत. धोंडबा वय वर्षं चौऱ्याहत्तर, उमरेडच्या कोळसा खाणीतून निवृत्त, विधुर, एकटे. ते बनियनवर बाहेर आले, तर दारात अख्खी गल्ली. टबावरचं झाकण मॅडमनी उचललं. पानांच्या आडोशाला तळहाताएवढा पांढरा फेस होता, खाली तसाच लाल-निळा मासा पहारा देत होता.

"बधाई हो, धोंडबा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"कायची गा? मले काहून पाहून राहिले सगळे?"

महाराजांनी डोळे मिटले. "येथे... दत्तक योग दिसते."

"मी कुत्रं नाही पाळत, पोरगं कुठून पाळू?" धोंडबा म्हणाले. गल्ली खो खो हसली. महाराजांना अचानक कन्हान गावच्या भक्तांची आठवण झाली आणि ते तातडीने निघाले.

मॅडमनी सांगितलं, "गुरामीचा नर वरती येऊन हवा घेते, तोंडातल्या चिकट लाळेत तिचे बुडबुडे करते अन् त्यात अंडी सांभाळते. कोमट, संथ पाणी भेटलं का मादी नसली तरी बांधते. मोटर लावा, फेस फुटून जाईन."

"म्हणजे चार दिवस मी माशाची थुंकी पिऊन राहिली?" सासूच्या खांद्याला धरून उभी असलेली भावना पुटपुटली.

कुसुमताई टबावर वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग मागचं लेकरू काहून गेलं, मॅडम?"

"मले नाही माहीत, ताई. डॉक्टरलेबी कधी कधी नाही कळत. पण हिचं प्रेशर मोजता येते, अन् त्याच्यावर दवा आहे. तेवढं त आपल्या हातात आहे न?"

कुसुमताईंनी पदर खोचला आणि स्वतःच रस्त्यावर धावत जाऊन ऑटो थांबवला.

डॉक्टरांनी भावनाला त्याच दुपारी भरती करून घेतलं. आणखी एक दिवस गेला असता तर बाळ आणि आई दोघंही हाती लागली नसती, असं ते म्हणाले. टाकीतला तो मासा बिचारा आपल्या अंड्यांसाठी घर बांधत होता, त्याने कोणाला फसवलं नव्हतं. तेव्हा वाचकहो, चमत्कार दिसला की नमस्कार जरूर करा, पण हात जोडण्याआधी एकदा शेजारच्या घरात डोकावून या. आणि तोवर गोळी चुकवू नका.