उरलेला एक बोल्ट

गिअरबॉक्सचा एकच बोल्ट उरला होता. कृष्णनाथ आमोण्यातल्या आपल्या अंगणात जीपखाली उताणा पडला होता. जीप जांभ्याच्या चार चिऱ्यांवर उभी होती.

"सतराचो पानो दी गो."

विनोदिनीने तो दिला नाही. लग्नाआधी ती सहा वर्षं चिरेखाणीत कामाला होती. हातातल्या पान्यानेच तिने एकेक चिरा ठोकून पाहिला. तीन खणखणीत वाजले. नवऱ्याच्या छातीजवळचा चौथा बद्द वाजला.

"हो कच्चो आसा. भायर येवा."

"अगो, सकाळपासून जीप ह्येच्यारच उभी आसा!"

"गिअरबॉक्स सुटलो काय ती हलतली. मगे?"

"पानो दी!"

"भायर येवा, देतंय."

गिअरबॉक्सचा अजूनही एकच बोल्ट उरला होता, आणि तो पान्याशिवाय सुटणार नव्हता. कुरकुरत कृष्णनाथ बाहेर आला. शेजाऱ्याकडून चार लोखंडी स्टँड आणून त्याने जीप त्या स्टँडांवर बसवली. गिअरबॉक्सखाली जॅक लावला.

विनोदिनीने चौथा चिरा गुडघ्यापर्यंत उचलला आणि सोडला. त्याचा तांबडा चुरा झाला.

कृष्णनाथ चुऱ्याकडे बघत राहिला. मग दोन्ही हातांनी त्याने जीप गदागदा हलवून पाहिली.

"हलना नाय," विनोदिनी म्हणाली आणि तिने पाना दिला.