कपाळाचा प्रश्न

भारतशेठना भाषण करायला कुणी सांगितलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. आम्हाला त्यांचा माईक हवा होता, तोंड नको होतं.

पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लहानसा सरकारी दवाखाना होता. दोन खोल्या, एक नर्सबाई, आठवड्यातून दोनदा डॉक्टर. नव्यानेच निवडून आलेल्या नगरसेविका प्रतिभाताईंनी तो बंद करून तिथे स्वतःचं संपर्क कार्यालय थाटायचं ठरवलं. माझी सून पायल सातव्या महिन्यात, बीपी सारखं वर जाणारं. नर्सबाई एक दिवसाआड तपासायच्या म्हणून माझ्या जिवात जीव होता. मी बालवाडीची निवृत्त बाई, गल्लीतली अर्धी पोरं माझ्या हाताखालून गेलेली. त्यांच्या आया मला नाही म्हणत नाहीत. पंधरा दिवस दारोदार फिरून चारशे बारा बायकांच्या सह्या घेतल्या. प्रतिभाताई खरंच घाबरल्या होत्या. दवाखाना बंद करायचं तूर्त थांबवू, असा निरोपही त्यांनी आपणहून धाडला.

तेवढ्यात निवडणुकीत पडलेले भारतशेठ मदतीला धावले. मांडव त्यांचा, खुर्च्या त्यांच्या, मग माईकही त्यांच्याच हातात. मला व्यासपीठावर शेजारी बसवलं. दवाखान्यावर ते दोन मिनिटं बोलले असतील. मग गाडी घसरली ती प्रतिभाताईंच्या घरच्या चैत्रातल्या हळदीकुंकवावर. ताईंचे यजमान करोनात गेलेले.

"पांढऱ्या कपाळाची बाई सुवासिनींच्या ओट्या भरणार," शेठ म्हणाले, "मग या प्रभागाचं भलं कुठून होणार?"

पुढच्या रांगेतले चार पुरुष हसले. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. मी शेठच्या उजव्या हाताला बसले होते, मोकळं कपाळ घेऊन. खाली उतरल्यावर ते मला म्हणाले, तुम्हाला नव्हतं हं म्हणायचं. मेल्याला तेवढीही अक्कल नव्हती.

संध्याकाळपर्यंत ती क्लिप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. दुसऱ्या दिवसापासून बायका माझ्या घरी येऊ लागल्या. शिव्या शेठना द्यायच्या, पण सह्यांचे कागद माझ्याकडे मागायचे, आपलं नाव शोधायचं आणि त्यावर रेघ मारायची. शेजारची हर्षाली तर रडत होती. दवाखाना मलाही हवाय मावशी, म्हणाली, पण त्या माणसाच्या यादीत माझं नाव नको. यादी माझी होती. ते कुणालाच पटेना. आठवड्यात शंभर नावंही उरली नाहीत. करायला गेले गणपती आणि झालं माकड. फक्त ते माकड माझ्या गळ्यात पडलं.

प्रतिभाताई हुशार. त्यांनी हळदीकुंकू घरातून उचलून मंगल कार्यालयात नेलं आणि विधवा, टाकलेल्या, सगळ्यांना आमंत्रण दिलं. मला बोलवायला स्वतः आल्या. पहिलं कुंकू मी तुम्हाला लावणार आणि तुम्ही मला, म्हणाल्या. मी दवाखान्याचं विचारलं.

"ते बघू नंतर, मावशी. आत्ता आपल्या कपाळाचा प्रश्न आहे."

पायल आतून ऐकत होती. त्या गेल्यावर तिने एवढंच विचारलं, जाणार आहात? मी तिला तत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. नाही गेले तर शेठ खरे ठरतील, वगैरे. त्या खोट्या नव्हत्या, पण पुरत्या खऱ्याही नव्हत्या. अकरा वर्षं प्रत्येक लग्नात कुंकवाचा करंडा मला वगळून पुढच्या बाईकडे जातो. तो एकदा माझ्यापाशी थांबावा, असं मला फार वाटत होतं.

गेले. हॉल तुडुंब. प्रतिभाताईंचं बोट कपाळाला लागलं आणि मला रडू कोसळलं. फोटो निघाले. ओटीत भिजवलेले हरभरे पडले, हातात पन्ह्याचा पेला आला. मग ताईंनी माईक घेतला. दवाखान्याच्या नावाखाली बाईची अब्रू काढणारे कोण आहेत ते आता सगळ्यांना कळलंय, म्हणाल्या. सह्या गोळा करणाऱ्या मावशीसुद्धा आज आपल्या बाजूला आल्या आहेत. टाळ्या पडल्या. मी बोलले नाही. तेवढ्या बायकांसमोर, कपाळावर ओलं कुंकू असताना, मला बोलताच आलं नाही.

चौथ्या दिवशी दवाखान्याला कुलूप लागलं. भारतशेठ आता त्या रस्त्याला फिरकतही नाहीत.

पायलला आता रिक्षाने नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. परवा तिचे पाय इतके सुजले होते की चप्पल चढेना. दोन तासांची रांग, बसायला जागा नाही. माझ्या खांद्यावर भार टाकून ती कशीबशी उभी होती. पुढे हर्षाली दिसली, कडेवर तापाने फणफणलेला मुलगा. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही आलात म्हणून आम्हीपण आलो. लाज राखलीत आपली."

तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, हो गं, जायलाच हवं होतं.

पायलने माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि भिंतीचा आधार घेतला.