फुकटातली दाढ

मावशीच्या खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल भाच्याने दोन वर्षांपूर्वी फुकटात केलं होतं, आणि फुकटात केलं होतं म्हणूनच ती दाढ दुखते आहे हे मावशीने कुणाला सांगितलं नव्हतं.

भाचा म्हणजे थोरल्या बहिणीचा मुलगा, दातांचा डॉक्टर. मावशी कपड्यांचं फिटिंग करून देते. कमरेत घट्ट झालेली पँट सैल करायची, झिप बदलायची, वडलांचा कोट मुलाच्या मापाचा करायचा, असली कामं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. तिच्यात एक मशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकाला जरा बारीक दाखवणारा एक आरसा. भाच्याने दवाखाना उघडला तेव्हा खुर्चीत बसलेली पहिली पेशंट तीच. थोरली तेव्हापासून दिसेल त्याला सांगते, "माझ्या बहिणीचीच दाढ बघा की! काय हात आहे पोराचा!" अशा वेळी मावशी शेजारी उभी राहून मान हलवायची, आणि जिभेने दाढेभोवती हळूच चाचपून घ्यायची.

उजवीकडच्या दोन दाढा पूर्वीच गेल्या होत्या. म्हणजे चावायला उरली डावी बाजू, आणि डाव्या बाजूला मुख्य भार घेणारी हीच. सफरचंद खायचं तर आधी फोडी, मग फोडींच्या चकत्या, मग त्या पुढच्या दातांनी खारीसारख्या कुरतडायच्या. एका सफरचंदाला पाऊण तास लागायचा. हळूहळू तिने सफरचंद आणणंच सोडलं.

वर कॅप बसवायचीही राहून गेली होती. भाच्याने दोनदा फोन केला होता. "मावशी, दाढ आतून पोकळ झालीये. कॅप बसवून घे, नाहीतर एक दिवस फुटेल." पण कॅप बाहेरून बनवून येते आणि ते पैसे पोरगा स्वतःच्या खिशातून भरणार, हे मावशी जाणून होती. आधीच एवढं केलं त्याने. "येते रे, हातातली कामं उरकली की," असं ती म्हणाली. शिवणाऱ्या बाईच्या हातातली कामं कधी उरकत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. पुढे त्याचे फोन थांबले.

तिच्या दुकानातही हेच चालायचं. ओळखीत फुकट शिवून दिलेला कपडा तक्रार घेऊन कधी परत आला नाही. लोक तो कपडा घालणंच सोडतात.

मग हिरडीवर एक बारीक पुळी आली. दाबली की तोंडात खारट पाणी. पुळी बसायची, आठवड्याने परत यायची. शेवटी मावशी चार स्टॉप लांबच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली, तिथे थोरलीच्या ओळखीचं कुणी भेटणार नाही याची खात्री करून. बाई साठीच्या, फक्त दातांच्या मुळांचं काम करणाऱ्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की आज त्यांनी बरीच तोंडं पाहिली आहेत.

"हे कुणी केलंय?" एक्स-रे पाहत त्यांनी विचारलं.

"होता एक."

"होता म्हणजे?"

"म्हणजे, आहे अजून."

बाईंनी पेनाने पडद्यावर दाखवलं. "या मागच्या मुळात मला दोन नळ्या दिसतायत. भरलीये एकच. राहिलेल्या नळीतले जंतू खाली उतरले. मुळाच्या टोकाशी ही काळी सावली दिसते ना? तेवढं हाड गेलंय."

"आता?"

"एक तर दाढ परत उघडायची. जुनं भरलेलं सगळं काढायचं, राहिलेली नळी शोधायची, साफ करून परत भरायची. आणि या खेपेला कॅप."

"म्हणजे उसवून परत शिवायचं."

"तसंच."

"उसवायलाच जास्त वेळ जातो. मी दुप्पट घेते."

"मीही," बाई म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत. "ते नाही जमलं तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापायचं आणि तिकडून बंद करायचं. पण इथे हाड जाड आहे, शिवाय जवळून ओठाची नस जाते. पहिलं जमत असताना मी हे करायला जात नाही. आणि तेही नाही, तर काढायची. मग त्या जागी हाडात स्क्रू घालून दात, किंवा शेजारचे दोन घासून त्यांच्यावर पूल, किंवा काढ-घाल करायचा दात."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"तर दाढच काय ते ठरवेल. तुम्हाला विचारणार नाही."

"वाचेल का पण?"

"तडा नसेल तर पुष्कळ आशा आहे. तडा तळापर्यंत गेला असेल तर काढण्याशिवाय काही नाही. दोन वर्षं कॅपशिवाय चावताय, उघडल्याशिवाय मी शब्द देणार नाही. त्याआधी जुने एक्स-रे आणा. सावली वाढतेय की भरतेय, ते जुन्याशी ताडूनच कळेल."

जुने एक्स-रे भाच्याकडे होते.

चार दिवस मावशीने सबबी शिवल्या आणि उसवल्या. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. बाहेरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. काउंटरवरची मुलगी काम सोडून गेली होती, आणि भाचा स्वतःच फोनपाशी बसून डबा खात होता.

"अगं मावशी! आईने पाठवलं?"

"नाही रे. ते माझे जुने एक्स-रे हवे होते. विम्याला."

"तुझा विमा आहे?"

"काढणार आहे."

"विम्याला दाढेचा एक्स-रे लागत नाही गं."

"माझ्या विम्याला लागतो."

त्याने डबा झाकला, कॉम्प्युटरकडे वळला, आणि तिची फाइल एका झटक्यात उघडली. दोन वर्षांपूर्वीची फाइल इतकी हाताशी नसते, एवढं मावशीला कळत होतं. तिच्याकडेही बिघडलेला कपडा खुंटीवर सगळ्यात पुढे लटकत असतो.

"मला माहितीये," तो म्हणाला. "वर्षभराने मी एक कोर्स केला. आल्यावर जुने सगळे फोटो परत पाहिले. तुझा पहिला. मागच्या मुळात दुसरी नळी असणार. मी शोधलीच नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, दुखलं तर तू फोन करशीलच. आई तर म्हणते, मस्त चाललीये तिची दाढ."

"तुझी आई काय माझ्या तोंडात राहते?"

"मग तू का नाही केलास फोन?"

मावशीने पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. "फुकट केलं होतंस ना रे."

त्याने पडद्यावरची फाइल बंद केली. "मागे आमच्याकडे जेवायला आली होतीस. सगळं चुरून, भिजवून खात होतीस. मी बघितलं." डब्याचं झाकण घट्ट करत म्हणाला, "बघितलं आणि आईशी बोलायला लागलो."

मावशी दमून समोरच्या खुर्चीत बसली. तिला रागावायचं होतं, पण त्यालाही ताकद लागते.

मग तिने सगळं सांगितलं, आणि शुक्रवारी जुने एक्स-रे घेऊन तो तिच्याबरोबर आला. डॉक्टरीणबाईंनी जुने फोटो नव्याशी ताडले. सावली दुप्पट झाली होती. मग त्यांनी भाच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हेच का ते, 'होता एक'?"

मावशी आधीच खुर्चीत तोंड उघडून पडली होती, उत्तर द्यायची सोय नव्हती. भाच्यानेच मान हलवली.

तासभर काम चाललं. जुनं भरलेलं निघालं. नळ्या आणि तडे दिसावेत म्हणून बाईंनी आत निळा रंग सोडला, भिंगातून पाहिलं, आणि भाच्याला बोलावलं. "या. बघा."

तो वाकला. "नळी आहे," तो म्हणाला.

"आणि?"

"तडा आहे." आवाज उतरला होता. "तळातून आरपार."

बाईंनी मावशीच्या दाढेभोवती ताणलेली रबराची चादर काढली. "मिटून घ्या जरा. दाढ काढावी लागेल. वाचण्यासारखी नाही."

मावशीने जबडा चोळला. वरच्या दिव्याकडे बघत म्हणाली, "नळी याची, तडा माझा. फिटलं."

"ते बाहेर जाऊन फेडा," बाई म्हणाल्या. "अजून एक इंजेक्शन देते."

दाढ दोन तुकड्यांत निघाली. कापूस दाबून अर्धा तास बोलायचं नाही, असं बजावून बाईंनी दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं. तेवढ्यात थोरलीचा फोन आला. भाच्याने उचलला. "हो, तिच्याबरोबरच आहे. नाही आई, दाढ काढली. माझ्याकडून एक नळी राहिली होती." पलीकडून बरंच काही आलं. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"महिनाभराने माप घेतो," तो मावशीला म्हणाला. "दोन्ही बाजूंना काढ-घाल करायचे दात बनवून देतो. पुढे स्क्रूचे हवे असतील तर या बाईंकडेच कर."

मावशीने अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. किती?

"अगं, तुझ्याकडून काय घेऊ—"

मावशी उठून चालायला लागली.

"बरं बरं, बस! हजार."

मावशीने तीन बोटं दाखवली.

"दीड. मावशी, मी कमी करतोय, तू वाढवतेस काय?"

तीन बोटं तशीच हलली.

"खरा रेट चार आहे," तो अखेर म्हणाला.

तिने चौथं बोट उघडलं. मग तेच बोट आधी स्वतःच्या गालाला लावलं, नंतर त्याच्या कानाला, आणि कानावर जोरात टिचकी मारली.

"ओरड," कान चोळत तो म्हणाला. "जरा जरी दुखलं तरी ओरड."

मावशी परत बाकावर बसली. अजून अठरा मिनिटं कापूस दाबून धरायचा होता.