पदर सावरा, प्रमिलाबाई

त्या बाईचा मला पहिल्या दिवसापासून राग. जळगावच्या केबलवर दुपारी साड्या विकायला येते ती. मृणाली तिचं नाव, तेही तीच दहादा सांगते. साडी एवढीशी आणि वर्णन गाडीभर. "बघा, किती ग्रेसफुल फॉल आहे! किती फ्लोई! एकदम क्लासी लूक!" आता धरणगावात क्लासी लूक करून मी काय बाजारात मेथी आणायला जाऊ? मग मीपण इकडून सोडत नाही. "अगं मेले, धुतल्यावर रंग जातो का ते सांग आधी!" सून शिल्पा शेजारी शेंगा फोडत बसलेली असते, ती गालात हसते. "आई, तिला ऐकू जातं का?" म्हणते. ऐकू जात नाही म्हणून तर बोलायचं. दुसऱ्या कुणाला एवढं बोलायची सोय आहे का या घरात?

एकदा मी म्हटलं, "पदर डोक्यावरून घेऊन दाखव ना भवाने, पुरतो का बघू दे." दुसऱ्या दिवशी बाईने खरंच पदर डोक्यावरून घेतला. "बघा, डोक्यावरून घेऊनही पुरतो बरं का!" म्हटलं चला, आली अक्कल. मग त्याच दिवशी मी ओरडले, "पर्पल पर्पल काय लावलंय, सरळ वांगी रंग म्हण की!" आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आणि हा आपला वांगी रंग." माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"वं माय! हाई मन्हं आयकस का काय?" तोंडातून निघून गेलं, ही माझं ऐकते की काय म्हणून. शिल्पा फिसकन हसली आणि उठून आत पळाली. मला मात्र हसू आलं नाही.

का ते सांगते. बोदवडला माझ्या आईला रेडिओ हाक मारायचा. बातम्या देणारा माणूस तिला नाव घेऊन विचारायचा म्हणे, जेवलीस का, दार लावलंस का. आम्ही आधी तिची थट्टा केली. मग ती रेडिओला उत्तरं द्यायला लागली, मग घरातल्या घरात वाट चुकायला लागली, आणि शेवटी एक दिवस मलाच म्हणाली, "ताई, तुम्ही कोणाच्या?" ती गेली तेव्हा मी देवाजवळ एकच मागितलं. काय वाट्टेल ते दुखणं दे बाबा, पण हे नको.

त्या दिवसापासून मी टीव्हीसमोर ब्र काढला नाही. भिंतीला कान असतात हे माहीत होतं, टीव्हीलाही असतात हे कोणी सांगितलं नव्हतं. घरात कोणी नसताना मी टीव्हीच्या मागे हात घालून बघितलं, नुसती धूळ निघाली. मग त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला. आमच्या ह्यांनी विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "धूळ बसते." खरं सांगायची छातीच झाली नाही. सांगितलं असतं तर आधी हसले असते, आणि मग हसायचे थांबले असते. त्या थांबण्याची मला जास्त भीती वाटत होती.

काल शिल्पाने टॉवेल धुवायला नेला आणि टीव्ही लावून दिला. ती मागे मोरीत होती. मी गप्प बसून बघत होते. मृणालीने हातातली साडी खाली ठेवली, माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "पदर सावरा, प्रमिलाबाई." मी सावरला. खरंच खांद्यावरून घसरला होता. आणि सावरल्यावर मग कळलं, सांगितलं कोणी ते.

आज सकाळपासून घास गिळेना. शिल्पाने दोनदा ताट पुढे केलं, मी दोनदा बाजूला सारलं. शेवटी ती जवळ बसली आणि माझा बांध फुटला. "अगं, ती बाई माझं ऐकते. मी बोलते ते बठ्ठं, अगदी सगळं तिला कळतं."

शिल्पा आधी हसली. मग माझं तोंड बघून तिचंच तोंड उतरलं. "आई, अहो ते मी कळवते तिला! मृणाली माझी कॉलेजची मैत्रीण. तुमचं बोलणं ऐकून ती खूप हसली होती एकदा. तेव्हापासून रोज विचारते, आज सासूबाई काय म्हणाल्या? तसंच बोलते, आणि बायकांना आवडतं ते. तुम्हाला गंमत म्हणून नंतर सांगणार होते."

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग हसले, मग रडले, मग परत हसले. जीव भांड्यात पडला नुसता. "कार्टे, जीव घेतला असतास माझा! आणि काल नाव घ्यायला लावलंस ते तर फारच झालं."

"कुठलं नाव?"

"माझं. पदर सावरा, प्रमिलाबाई."

शिल्पाने मृणालीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि कालचं विचारलं, माझ्या नावासकट. "काकू, माफ करा हं," ती पोर म्हणाली, आवाज तोच. "पण कालचं मी नाही. भावाचं लग्न आहे, मी चार दिवस झाले भडगावला आलेय. तिकडे जुनंच रेकॉर्डिंग लावतायत. आणि तुमचं नाव तर मला आत्ता कळतंय."

फोन बंद झाला. शिल्पा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, डुलकी लागली असेल तुम्हाला. दुपारची वेळ होती."

चांगली पोर आहे. वाट करून देत होती मला. हो म्हटलं असतं तर तिने पुन्हा विषय काढला नसता, आणि ह्यांच्या कानावरही गेलं नसतं. ‘हो’ अगदी ओठावर आलं होतं माझ्या. मी तिचा हात घट्ट धरला.

"डुलकी नव्हती गं," मी म्हटलं. "मला फार भीती वाटते. मला जळगावला दवाखान्यात घेऊन चल. आणि डॉक्टरपुढे मी काही झालंच नाही म्हणाले, तर तू माझं ऐकू नको. खरं काय ते सांग."